००११०११: फ्रेमच्या खुणेची पार्श्वभूमी

डिजिटल वाहिनीवरून येणाऱ्या बिटांच्या अखंड प्रवाहात कोणता बिट कोणाच्या संभाषणाचा आहे हे केवळ त्याच्या जागेवरून कळते, आणि जागा मोजायची तर मोजणी कुठून सुरू करायची हे आधी सापडावे लागते. त्यासाठी प्रत्येक संभाषणाचे बिट एकेकदा येऊन जाणाऱ्या फेऱ्यात, म्हणजे फ्रेममध्ये, ठरावीक बिटांची खूण ठेवतात.

अमेरिकेत बेल सिस्टिम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाने १९६२ साली टी-१ वाहिनी सेवेत आणली, तेव्हा चोवीस संभाषणांच्या १९२ बिटांना जोडून १९३ वा बिट खुणेसाठी राखला आणि तो फ्रेमगणिक १, ०, १, ० असा बदलता ठेवला. ही निवड साधी दिसली तरी विचारपूर्वक केलेली होती. सेकंदाला ८,००० फ्रेम जात असल्याने अशी आलटापालट म्हणजे ४,००० हर्ट्‌झचा सूर, आणि संभाषणातला तेवढा उंच सूर फिल्टरमध्येच अडत असे. आवाजाच्या बिटांना या खुणेची नक्कल फार काळ करता येत नसे.

युरोपात आणि भारतातही रूढ झालेल्या २.०४८ मेगाबिटच्या ई-१ वाहिनीत एकाआड एक फ्रेममध्ये सलग सात बिटांची खूण असते: ००११०११. बिट निव्वळ यादृच्छिक असतील तर सात बिटांची कोणतीही खूण १२८ पैकी एका जागी योगायोगाने जुळणारच. मग हीच का? फरक पडतो तो खऱ्या खुणेच्या अगदी लगत. १०१०१०१ ही खूण दोन घरे सरकवून स्वतःवरच ठेवली, तर एकमेकांवर येणारे पाचही बिट जुळतात. आधीचे दोन बिट १० निघाले की रिसीव्हर दोन घरे अलीकडेच थांबतो. ००११०११ कितीही घरे सरकवली तरी तिचे डोके तिच्या शेपटीशी जुळत नाही. सरकवल्यावर स्वतःशी कमीत कमी साम्य दाखवणाऱ्या मालिकांचा शोध आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्येच मांडला होता. १११००१० ही त्यांचीच सात बिटांची मालिका. ३४ मेगाबिटच्या वाहिनीतल्या ११११०१०००० या खुणेतही स्वतःशी न जुळण्याचा हाच गुण आहे.

मात्र खूण कितीही चांगली निवडली तरी ती एकटी पुरत नाही, आणि माझ्या मते या इतिहासातला खरा धडा तोच आहे. वाहिनीवरून संगणकाचा डेटा जाऊ लागला की तेच सात बिट प्रत्येक वेळी त्याच जागी येऊ शकतात. ई-१ चा रिसीव्हर खूण सापडल्यावर पुढच्या फ्रेमचा दुसरा बिट १ आहे ना आणि त्यापुढच्या फ्रेममध्ये खूण पुन्हा येते ना, हे पाहतो. पण चिकाटीने नक्कल करणारा डेटा या परीक्षेतूनही पार पडतो. म्हणून १९८० च्या दशकात सीआरसी-४ या चार बिटांच्या तपासणीची जोड देण्यात आली: खूण जुळली तरी डेटावरून काढलेली तपासणी-बेरीज जुळेपर्यंत ती जागा खरी मानायची नाही.

१९८८ मध्ये प्रमाणित झालेल्या एसडीएच या अधिक वेगवान वाहिन्यांच्या पद्धतीने हा धोका आणखी आधीच्या टप्प्यावर रोखला. तिच्या एसटीएम-१ या मूळ फ्रेमच्या सुरुवातीला ११११०११० हा बाइट तीनदा आणि लगेच ००१०१००० तीनदा येतो. फ्रेमच्या पहिल्या नऊ बाइटांपलीकडचे बिट स्क्रॅम्बलरने विस्कटून पाठवले जातात, हे सहा बाइट मात्र जसेच्या तसे जातात.