अर्जात दुरुस्ती की आदेशात बदल? कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातला नेहमीचा घोळ

"मॅडम, माझा अर्ज दुरुस्त करायचाय."

कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते. परवा एका बाईंनी ते म्हणत प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले, तर सगळ्यात वर निकालाची नक्कल. मुख्य अर्ज निकाली निघून तीन वर्षं झालेली. महिना चार हजार पोटगी मंजूर. तेव्हा बालवाडीत असलेली मुलगी आता दुसरीत, घरभाडं वाढलेलं, रिक्षाचा खर्च वेगळा. त्यांची मागणी रास्तच होती. पण निकाल लागलेल्या अर्जात दुरुस्त करायला काही उरत नाही. तिथे बदलून घ्यायचा असतो तो आदेश, आणि त्याचा रस्ता निराळा आहे. या दोन रस्त्यांची गल्लत झाली की बाईच्या तारखा वाया जातात, आणि प्रत्येक तारखेला तिची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी अर्जातली दुरुस्ती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्याच्या कलम 12 खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. हा अर्ज बहुतेक वेळा घाईत लिहिलेला असतो. बाई नेसत्या साडीनिशी घराबाहेर पडलेली असते, दागिन्यांच्या पावत्या सासरी, बँकेचं पासबुक नवऱ्याच्या कपाटात. मग अर्जात स्त्रीधनाचा उल्लेख राहतो, राहण्याच्या जागेची मागणी राहते, नाहीतर मागितलेली रक्कम दोन वर्षांत तोकडी पडते. प्रकरण चालू असताना हे सगळं मूळ अर्जात घालता येतं.

सामनेवाल्याची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याची, हरकत ठरलेली: प्रकरण फौजदारी कोर्टात आहे आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत (जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली) तक्रारीत दुरुस्तीची तरतूदच नाही. आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात नवऱ्याने हाच मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कुनपरेड्डी विरुद्ध कुनपरेड्डी स्वर्णकुमारी. खालच्या कोर्टाने दुरुस्ती मंजूर केली, सत्र न्यायालयाने ती रद्द केली, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. एप्रिल 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या बाजूने निर्णय दिला. या कायद्याखालचे दिलासे मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे आहेत. कलम 28(2) प्रमाणे अर्ज निकाली काढण्यासाठी न्यायालय स्वतःची कार्यपद्धती ठरवू शकतं. आणि दुरुस्तीचा अधिकार नाकारला तर कायद्याचा हेतूच विफल होईल. नंतरच्या घडामोडी, अगदी वाढलेली महागाईसुद्धा, दुरुस्तीचं कारण होऊ शकते असं न्यायालयाने मान्य केलं. माझ्या मते या कायद्यावरच्या सगळ्यात उपयोगी निकालांपैकी हा एक, आणि तरीही तालुक्याच्या कोर्टात तो दरवेळी नव्याने दाखवावा लागतो.

याचा अर्थ हवं ते, हवं तेव्हा घालता येतं असा नाही. प्रकरणाचं मूळ रूपच पालटत असेल किंवा समोरच्याला उत्तर द्यायची संधीच राहत नसेल, तर न्यायालय नकार देऊ शकतं. उलटतपासणी झाल्यावर एकदम नवी घटना घालायला गेलात तर "इतके दिवस का सांगितलं नाही?" हा प्रश्न येणारच. म्हणून दुरुस्ती अर्जात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय घालायचं, कुठल्या परिच्छेदात किंवा विनंती कलमात (अर्जाच्या शेवटच्या मागण्यांत), आणि आत्ताच का. त्यावर समोरच्याचं म्हणणं येतं, मग आदेश होतो. इथेच एक चूक मी वारंवार पाहते. दुरुस्ती मंजूर झाली म्हणून सगळे खूश होऊन घरी जातात आणि मूळ अर्जात ती उतरवून घेणं राहूनच जातं. युक्तिवादाच्या दिवशी निशाणी 1, म्हणजे मूळ अर्ज, उघडली की मागणी जुनीच! आदेशात दिलेल्या मुदतीत दुरुस्ती उतरवा आणि दुरुस्त प्रत समोरच्याला द्या. नुसते नवे कागद दाखल करायचे असतील तर दुरुस्ती लागत नाही, ते यादीसोबत देता येतात.

आता आदेशातला बदल. तो कलम 25(2) खाली. परिस्थिती बदलली म्हणून या कायद्याखालचा कोणताही आदेश बदलावा, सुधारावा किंवा रद्द करावा, असा अर्ज बाईही करू शकते आणि सामनेवालाही. हे लक्षात असू द्या, कारण "माझी नोकरी गेली, रक्कम कमी करा" हा अर्ज याच कलमाखाली येतो. पण बदल आदेशानंतरचा असायला हवा. कर्नाटकातल्या एका प्रकरणात 2015 साली बाईला महिना 12,000 रुपये आणि एक लाख भरपाई मंजूर झाली होती. पाच वर्षांनी नवऱ्याने तो आदेश रद्द करून दिलेले पैसे परत मागितले. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 25(2) साठी परिस्थितीतला बदल आदेशाच्या नंतर घडलेला हवा आणि आधी दिलेली रक्कम या वाटेने परत मागता येत नाही.

आदेश पहिल्या दिवसापासूनच चुकीचा वाटत असेल, तर 25(2) कामाचं नाही. तिथे कलम 29 चं अपील, सत्र न्यायालयात, 30 दिवसांच्या आत. हे 30 दिवस बायका वाट बघण्यात घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खरी अडचण मधल्या अवस्थेत होते. अंतरिम आदेश झालाय, मुख्य अर्ज चालू आहे आणि खर्च वाढला. अशा वेळी दोन्ही लागतात. अंतरिम रक्कम वाढवायला 25(2), कारण ते कलम कोणत्याही आदेशाला लागू आहे. आणि अंतिम निकालात वाढीव रक्कम मिळावी म्हणून मूळ मागणीत दुरुस्ती. एकच करून थांबलात तर आज वाढवून मिळेल आणि निकालात जुन्या आकड्यावर अडेल, किंवा याच्या उलट.

त्या बाईंचा 25(2) चा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात तयार केला. सोबत शाळेच्या फीच्या पावत्या, नवा भाडेकरार, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने ठरवून दिलेलं उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र. जुना भाडेकरार मी मुद्दाम आणायला सांगितला. आदेशाच्या दिवशी भाडं किती होतं आणि आज किती आहे, हे दोन कागद शेजारी ठेवले की काय बदललं ते वेगळं सांगावं लागत नाही.