न्यू जॅक स्विंग की हिप-हॉप सोल? कॅरिन व्हाइटचं गाणं नेमकं कुठलं

अमेरिकन गायिका कॅरिन व्हाइटचं 'रोमँटिक' ऐकून अनेकांना दुसरी अमेरिकन गायिका, मेरी जे. ब्लाइज, आठवते. दोघींच्या त्या गाण्यांत जेमतेम वर्षभराचं अंतर आहे, त्यामुळे गल्लत होते. पण त्या वर्षात ठेका बदलला, आणि माझ्या मते कॅरिनची सद्दी त्यातच संपली. तिचा आवाज कुठेही कमी पडला नव्हता.

'रोमँटिक' लावा आणि टेबलावर बोटांनी ठेका धरा. मात्रा चारच, पण त्यांच्या आतले बारीक ठोके सारखे पडत नाहीत. एक लांब, एक आखूड. केहरव्याला दादऱ्याचा झोल द्यावा तसे. हाच तो न्यू जॅक स्विंगमधला स्विंग. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या टेडी रायली या संगीतनिर्मात्याने १९८७-८८च्या सुमारास ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर तो रुळवला. खाली हिप-हॉपचा ठोका, वर मात्र अंतरा, कोरस, हार्मनी असं नीट बांधलेलं, नाचायला लावणारं गाणं. 'रोमँटिक' मिनियापोलिसच्या जिमी जॅम आणि टेरी लुईस या निर्मात्यांच्या जोडीने केलं, तरी झोल तोच. नोव्हेंबर १९९१मध्ये ते बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्या यादीत कॅरिन पहिल्या क्रमांकावर पोचली ती तेवढ्या एकाच गाण्याने.

आता मेरीचं १९९२चं 'रिअल लव्ह' लावा. खालचे ड्रम ऑडिओ टू या रॅप जोडीच्या 'टॉप बिलिन'मधून थेट उचललेले आहेत. जुन्या रॅप रेकॉर्डचा ठोका जसाच्या तसा घ्यायचा आणि त्यावर पोटातून गायचं, हे हिप-हॉप सोल. इथे चकाकी कमी, गळ्यातली खरखर पुसलेली नाही. मेरीच्या पायात जाड बूट, डोक्यावर टोपी. गल्लीतली पोरगी तशीच स्टेजवर आलेली. त्यापुढे कॅरिनचा घोटीव आवाज लोकांना एकदम कालचा वाटू लागला असावा.

कॅरिनचा पुढचा अल्बम १९९४चा. त्यानंतर ती बरीच वर्षं गाण्यापासून दूर राहिली.

गंमत म्हणजे तिचं सर्वांत जिव्हाळ्याचं 'सुपरवुमन' या दोन्ही शैलींत बसत नाही. ती संथ बॅलड आहे: सकाळी नाश्ता मांडून नवऱ्याच्या एका शब्दाची वाट पाहणाऱ्या बाईची.