ताजी फाइल निवडणारी कमांड

एकाच आराखड्याच्या किंवा मजकुराच्या अनेक प्रती साठलेल्या असताना त्यांतली सर्वांत अलीकडची प्रत टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) एक ओळ टाइप करून शोधून देणारे साधन. युनिक्स कुळातल्या (लिनक्ससारख्या) संगणक-प्रणालींत हे काम कोणा एका प्रोग्रामकडे सोपवलेले नाही. एलएस (यादी), फाइंड (शोध), सॉर्ट (क्रम), टेस्ट (तपासणी) अशी छोटी साधने एकमेकांना जोडून ते करतात. (या नोंदीत कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीतच लिहायच्या.)

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या व मशीन शॉप यांना या प्रश्नाची रोजची ओळख आहे. ग्राहकाचे ड्रॉइंग बदलत राहते. एखाद्या भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढतो आणि फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ अशी रांग लागते. त्यांतले चुकीचे उघडून पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवला, तर ओतलेले कास्टिंग परत भट्टीतच घालावे लागते. शहरातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांची अडचणही हीच. तिथे भट्टी नसते, एवढाच फरक.

वेळेवरून निवड

युनिक्स प्रत्येक फाइलच्या किमान तीन वेळा लिहून ठेवते: शेवटचे वाचन, मजकुरातला शेवटचा बदल आणि परवानगी किंवा मालकी यांसारख्या नोंदीतला शेवटचा बदल. यांतल्या तिसऱ्या वेळेला पुष्कळ जण फाइलचा जन्मकाळ समजतात; तसे नाही. निवडीसाठी कामाची ती दुसरी. या वेळा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजल्या जातात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘एलएस’ला ‘-टी’ हा पर्याय देणे. यादी नव्याकडून जुन्याकडे लागते आणि ती सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या ‘हेड’कडे पाठवून पहिली ओळ घेतली की काम झाले. हाताने बघायला हे पुरे. पण स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालवायच्या कमांडांच्या फाइलीत) घालू नये. या यादीत फोल्डरही येतात आणि नावातच ओळ तुटलेली असेल तर उत्तर अर्धवट मिळते. स्क्रिप्टसाठी ‘फाइंड’कडून वेळ आणि नाव छापून घेऊन ‘सॉर्ट’ने क्रम लावणे बरे. झेड शेल या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये तर नावाच्या नमुन्यापुढे कंसात ‘ओएम’ लिहून पहिला क्रमांक मागता येतो. वेगळी कमांड लागत नाही.

दोनच फाइलींची तुलना असेल तर ‘टेस्ट’चा ‘-एनटी’ पर्याय वापरतात. बॅश या दुसऱ्या शेलमध्ये त्याची एक खोड आहे: दुसरी फाइल अस्तित्वातच नसेल तरी तो पहिलीला नवी ठरवतो. प्रती काढणाऱ्या ‘सीपी’चा ‘-यू’ आणि ‘आरसिंक’चा ‘-यू’ हे पर्याय समोरची प्रत आधीच नवी असेल तर तिला हात लावत नाहीत. विंडोजवर, म्हणजे इथल्या बहुतेक कार्यालयांत, प्रती काढणाऱ्या रोबोकॉपी या कमांडला ‘एक्सओ’ पर्याय दिला की जुन्या फाइली वगळल्या जातात.

या तुलनेवर उभे राहिलेले सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे ‘मेक’. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत लिहिले. दुरुस्ती केलेला कोड पुन्हा कंपाइलच (चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतरित) न झाल्यामुळे एका सहकाऱ्याची सकाळ नसलेली चूक शोधण्यात गेली होती, तेथून ही कल्पना निघाली. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तरच काम पुन्हा करायचे, हा त्याचा नियम. २००३ मध्ये फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

वेळ कशी फसवते

मजकूर शेवटचा कधी लिहिला गेला एवढेच ही वेळ सांगते. तो मजकूर कोणत्या रिव्हिजनचा (सुधारित आवृत्तीचा), हे तिला ठाऊक नसते. साधी ‘सीपी’ केली तर नव्या प्रतीवर आत्ताची वेळ पडते; मूळ वेळ टिकवायला ‘-पी’ द्यावा लागतो. विंडोजचा कारभार उलटा: तिथे प्रत काढल्यावर बदलाची वेळ जुनीच राहते आणि निर्मितीची वेळ नवी होते, म्हणून फाइल ‘जन्माआधी बदललेली’ दिसते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट हे साधन वेळा जपतच नाही. फाइल बाहेर काढली त्या क्षणाचा शिक्का बसतो. ईमेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पुन्हा मागवून उतरवलेले मागल्या वर्षीचे ड्रॉइंगही आजचे म्हणून यादीत वर येते. गोंधळ होतो तो बहुधा इथेच.

घड्याळही दगा देते. मदरबोर्डची बॅटरी संपलेल्या संगणकाची तारीख वीज गेली की काही वर्षे मागे जाते आणि त्या दिवशी केलेले काम यादीच्या तळाशी जाऊन बसते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर हार्डवेअरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानते आणि लिनक्स सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे भारतात साडेपाच तासांचा फरक पडू शकतो. फॅट या जुन्या साठवण-पद्धतीचे पेनड्राइव्ह वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवतात. तेथे आरसिंकला एका सेकंदाची सूट द्यावी लागते, नाहीतर त्याच फाइली पुन्हापुन्हा उतरत राहतात.

नावावरून निवड

वेळेवर भरवसा नसेल तर आवृत्ती नावात लिहितात. व्हीएमएस या डेक कंपनीच्या प्रणालीत हे आपोआपच होत असे: प्रत्येक वेळी फाइल साठवली की नावापुढे अर्धविरामानंतर पुढचा क्रमांक लागे, क्रमांक न देता फाइल मागितली तर सर्वांत मोठ्या क्रमांकाची मिळे आणि ‘पर्ज’ कमांडने जुन्या साफ होत. ही सोय युनिक्सने घेतली नाही, याचे वाईट वाटावे इतकी ती चांगली होती.

साध्या क्रमवारीत १० हा २ च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरागणिक होते. जीएनयू ‘सॉर्ट’चा मोठ्या व्हीचा पर्याय आकडे संख्या म्हणून वाचतो, पण फक्त इंग्रजी (0 ते 9) लेखनातले, नावात देवनागरी अंक असतील तर १० पुन्हा २ च्या आधीच जातो. दिनांक-महिना-वर्ष ही आपली सवयही इथे नडते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले तर क्रम आपोआप बरोबर लागतो.

अभियांत्रिकी ड्रॉइंगची रिव्हिजन बहुधा अक्षरांत असते आणि तिथे वेगळाच पेच आहे. अमेरिकी एएसएमई मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे गोंधळ टाळायला वगळली आहेत. वाय संपल्यावर एए सुरू होते. वर्णक्रम लावला तर एए ही ए च्या लगेच मागे, बी च्या आधी जाऊन बसते आणि सर्वांत नवे ड्रॉइंग जवळपास सर्वांत जुने ठरते. आधी नावाची लांबी आणि मग अक्षरे, असा दोन पायऱ्यांचा क्रम लावला की हे सुटते.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राच्या कंट्रोलरपर्यंत यांपैकी काहीच पोचत नाही. फॅनक या जपानी कंपनीच्या जुन्या कंट्रोलरवर प्रोग्रामला ‘ओ’ आणि चार आकडी क्रमांक एवढेच नाव असते, म्हणून रिव्हिजन पहिल्या ओळीत कंसातल्या टिपेत लिहितात आणि ऑपरेटरने ती वाचूनच सायकल सुरू करायची असते. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांसाठी असलेल्या आयएटीएफ १६९४९ मानकानुसार ग्राहकाने ड्रॉइंग बदलले की त्याचा आढावा कामाच्या १० दिवसांत संपवावा अशी अपेक्षा असते. बाद झालेली ड्रॉइंगे चालू फोल्डरातून काढून वेगळ्या फोल्डरात टाकली, की चालू फोल्डरात दर भागाची एकच फाइल उरते आणि ताजी निवडण्याची कमांड मग फक्त जुन्या साठ्यात शोधाशोध करायला लागते.