ब्लूटूथची कुळकथा

ब्लूटूथचा विषय निघाला की हेडी लमार या अभिनेत्रीची गोष्ट हटकून सांगितली जाते. टॉर्पेडोला दिलेले रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून सतत वारंवारता बदलत राहायची, ही तिची आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांची कल्पना. १९४२ मध्ये त्यांना पेटंटही मिळालं. गोष्ट खरी आहे, पण तिथून थेट आजच्या इयरबड्सवर उडी मारली की मधला महत्त्वाचा भाग गाळला जातो.

त्यातला एक भाग सरकारी नियमाचा. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय संपर्कासाठी वापरायला मुभा दिली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. मायक्रोवेव्ह ओव्हनचा गोंगाट तिथे आधीपासूनच होता, म्हणजे जागा फुकट, पण शेजार वाईट.

स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन यांनी १९९४ च्या सुमारास काम सुरू केलं, ते मोबाइल आणि हेडसेट यांच्यातली वायर काढून टाकण्यासाठी. इन्फ्रारेडचा पर्याय होता, पण त्यात दोन्ही उपकरणं समोरासमोर धरावी लागत. मध्ये हात आला तरी संपर्क तुटे. त्यांनी रेडिओ निवडला आणि गोंगाटावर जुनाच उपाय काढला: एका जागी थांबायचंच नाही. १ मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ मार्ग, आणि सेकंदाला १६०० उड्या. एखाद्या मार्गावर अडथळा आलाच, तर तेवढाच तुकडा बिघडतो. पुढचा दुसऱ्या मार्गाने जातो.

तंत्र उत्तमच होतं, पण ते एरिक्सनने स्वतःपुरतं ठेवलं असतं तर फार तर एका कंपनीच्या फोनचं वैशिष्ट्य ठरलं असतं. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी मिळून गट स्थापला आणि त्यासाठीची पेटंट्स सभासदांना विनामोबदला वापरू दिली. माझ्या मते खरं वळण हेच. ‘ब्लूटूथ’ हे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव; इंटेलच्या जिम कार्डाक यांनी ते तात्पुरतं म्हणून सुचवलं आणि दुसरं वेळेत ठरेना म्हणून तेच कायम झालं.

१९९९ ची पहिली आवृत्ती मात्र डोकेदुखीच होती. एका कंपनीचं उपकरण दुसरीच्या उपकरणाशी जुळेलच याची खात्री नसे. वाय-फाय त्याच पट्ट्यात आल्यावर गर्दी वाढली. २००३ च्या १.२ आवृत्तीत गजबजलेले मार्ग टाळून उड्या मारायची सोय झाली. पेअरिंगची, म्हणजे दोन उपकरणांची एकमेकांशी जोडी लावायची, कटकट २००७ च्या २.१ पर्यंत चालली. तोवर ०००० सारखे आकडे टाइप करणं हाच रिवाज होता.

पुढचा मोठा बदल नोकियाकडून आला. कमी विजेवर चालणारं वायब्री नावाचं तंत्र त्यांनी २००६ मध्ये जाहीर केलं, आणि २०१० च्या ४.० आवृत्तीत ते ‘लो एनर्जी’ म्हणून ब्लूटूथमध्ये सामील झालं. बटणाएवढ्या सेलवर महिनोन्‌महिने चालणारे सेन्सर त्यामुळे शक्य झाले. गंमत म्हणजे नाव एकच असलं तरी या रेडिओची भाषा जुन्याला कळत नाही. इथे मार्ग ७९ नव्हे, ४० आहेत. म्हणून फोनमधल्या चिपला दोन्ही भाषा बोलाव्या लागतात. संगीत बराच काळ जुन्याच मार्गाने जात राहिलं; ते लो एनर्जीवर आणणारं ‘एलई ऑडिओ’ जाहीर व्हायला २०२० साल उजाडलं.