टेम्पलस्टे

दक्षिण कोरियातल्या बौद्ध मंदिरात एक-दोन दिवस मुक्काम करून तिथली दिनचर्या अनुभवण्याचा उपक्रम. पाहुणा मंदिराच्या आवारातच झोपतो, मंदिराने दिलेले ढगळ कपडे घालतो आणि साधारणपणे भिक्षूंच्या वेळापत्रकाप्रमाणे उठतो-जेवतो. तो बौद्ध असावा अशी अट नसते, पुढे व्हावा अशी अपेक्षाही धरली जात नाही. कोरियातला सर्वांत मोठा बौद्ध पंथ असलेल्या जोग्ये पंथाने २००२ मध्ये सरकारच्या साहाय्याने हा उपक्रम सुरू केला. परदेशी पाहुण्यांना आपली संस्कृती दाखवण्यासाठी कोरियाने बरेच काही केले आहे. सेऊलच्या राजवाड्यांत हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्याला तिकीट पडत नाही, हे त्यातले सर्वांत जास्त छायाचित्रे काढून घेणारे उदाहरण. टेम्पलस्टे मात्र फोटोपुरते संपत नाही. त्यात पहाटे उठावे लागते, गुडघे दुखतात आणि जेवल्यावर आपले भांडे आपणच धुवावे लागते. तरीही लोक त्यासाठी पैसे मोजून येतात.

उपक्रमाचा जन्म एका अगदी व्यावहारिक अडचणीतून झाला. ३१ मे ते ३० जून २००२ या काळात कोरिया आणि जपान यांनी मिळून फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरवली. त्या गर्दीला हॉटेलांच्या खोल्या पुरणार नाहीत, हे आधीच दिसत होते. मंदिरांकडे खोल्या होत्या, स्वयंपाकघरे होती, मोठमोठे सभागृह होते. पहिल्या फेरीत ३३ मंदिरांनी दारे उघडली. साधनेत व्यत्यय येईल, मंदिराची धर्मशाळा होईल, ही शंका पंथातूनच निघाली होती आणि ती गैर नव्हती. स्पर्धा संपली तरी पाहुण्यांची मागणी संपली नाही. मग २००४ मध्ये कोरियन बौद्ध धर्माचे सांस्कृतिक मंडळ स्थापन होऊन सगळे काम त्याच्याकडे गेले. आज शंभराहून अधिक मंदिरे या जाळ्यात आहेत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २००९ मध्ये संस्कृती आणि पर्यटन यांच्या नात्यावर जो अहवाल काढला, त्यात अभ्यासासाठी निवडलेल्या उदाहरणांत टेम्पलस्टेही होते.

ही मंदिरे बहुतेक डोंगरात का, याला इतिहास आहे. कोरियात बौद्ध धर्म इ. स. ३७२ मध्ये गोगुर्यो राज्यात पोचला आणि पुढे कित्येक शतके त्याला राजाश्रय मिळाला. जोसोन राजवटीने (१३९२–१९१०) मात्र कन्फ्यूशियसचा मार्ग धरला. मठांच्या जमिनी गेल्या, शहरांतली मंदिरे बंद पडली, भिक्षूंना राजधानीत पाऊल टाकायला बंदी झाली. ती बंदी उठली १८९५ मध्ये. टिकली ती डोंगरातली मंदिरे. शहरातून हाकलल्यामुळे वाट्याला आलेला हा एकांतच आज पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सर्वांत ठळक छापला जातो. तोंगदोसा, बुसोक्सा, बोंगजोंग्सा, बोपजुसा, मागोक्सा, सोनाम्सा आणि देहुंग्सा या सात पर्वतीय मठांना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले. हे मठ ओस पडलेले अवशेष नसून तिथे आजही साधना चालते, याला त्या नोंदीत महत्त्व आहे.

मुक्कामाचे प्रकार ढोबळमानाने तीन: काही तासांचा एकदिवसीय कार्यक्रम, आखीव वेळापत्रकाचा अनुभव-मुक्काम, आणि प्रार्थना व जेवणाच्या वेळा सोडल्या तर पाहुण्याला मोकळे सोडणारा विश्रांती-मुक्काम. खरी ओळख होते ती दुसऱ्यात. दुपारी पोचल्यावर कपडे मिळतात आणि वागण्याचे नियम समजावले जातात: हात कसे जोडायचे, सभागृहात बाजूच्या दाराने का शिरायचे, कुठे बोलायचे नाही. खोली साधी असते. खालून उबदार होणारी ऑन्डोल जमीन आणि तिच्यावर अंथरूण. स्त्री-पुरुषांची झोपण्याची सोय बहुधा वेगळी.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी चार वाद्ये वाजतात. कातडी ढोल चतुष्पाद प्राण्यांसाठी, लाकडी मासा जलचरांसाठी, ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा पक्ष्यांसाठी आणि मोठी घंटा नरकात पिचणाऱ्या जीवांसाठी. काही ठिकाणी पाहुण्यालाही घंटेवर एखादा टोला देऊ देतात. रात्री नऊ-दहाला दिवे मालवतात. मठाचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. एक भिक्षू मोक्ताक नावाचे पोकळ लाकडी वाद्य ठोकत, मंत्र म्हणत आवारात फिरतो, तोच गजर. पाहुण्यांसाठी बऱ्याच मंदिरांनी ही वेळ थोडी पुढे ढकलली आहे. ही सवलत समजण्यासारखी आहे, पण तिने अनुभवाची धार बोथट होते, हेही खरे.

सर्वांत जास्त चर्चा होते ती १०८ नमस्कारांची. दोन गुडघे, दोन कोपरे आणि कपाळ अशी पाच ठिकाणे जमिनीला टेकवून उठायचे, आणि बऱ्याच मंदिरांत प्रत्येक नमस्काराला एक मणी दोऱ्यात ओवायचा. शेवटी हातात स्वतः केलेली माळ येते. विकतच्या भेटवस्तूपेक्षा हीच अधिक जपली जाते, यात नवल नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी बसून राहिले तरी कोणी काही म्हणत नाही. याशिवाय ध्यान, भिक्षूसोबत चहा आणि गप्पा, कागदी कमळ-कंदील करणे, अंगण झाडणे असे काही ना काही असते. परदेशी पाहुण्यांना विचाराल तर लक्षात राहतो तो चहा. समोर बसलेल्या भिक्षूला काहीही विचारता येते, आणि लोक विचारतातही: तुम्ही घर का सोडले, मोबाइल वापरता का, कंटाळा येत नाही का.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण टेम्पलस्टेची कीर्ती निम्मी तिथून आलेली आहे. मंदिरातल्या अन्नात मांस-मासे नसतात, तसेच पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात: लसूण, पातीचा कांदा, लसणाची पात समजता येईल अशी बुचू, रानकांद्याच्या जातीची दाल्ले आणि हिंग. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या मराठी घरांना यातले पहिले चार ओळखीचे वाटतील, पाचवा मात्र चक्रावून टाकेल. हिंग कोरियात पिकत नाही. भारतातून चीनमार्गे आलेल्या नियमासोबत त्याचे नाव तेवढे पोचले, आणि त्याची जागा तिथे साध्या कांद्याने भरून काढली. लसणाशिवाय किमची (मसाला लावून आंबवलेली भाजी) कोरियन माणसाला अशक्य वाटते, पण मठात ती होते, मासळीच्या खारवणाशिवायही. चव येते ती वर्षानुवर्षे मुरवलेल्या सोयाबीनच्या पेस्टमधून, सोया सॉसमधून, वाळवलेल्या अळंब्यांतून आणि समुद्री शेवाळातून. बेग्यांग्सा मंदिराच्या परिसरातल्या चोंजिनाम या आश्रमातल्या भिक्षुणी जोंग क्वान यांच्यावर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’ मालिकेचा एक भाग आला. त्यानंतर जगभरचे स्वयंपाकी तिथे येऊ लागले. जोंग क्वान यांच्याकडे हॉटेल नाही, स्वयंपाकाचे औपचारिक शिक्षणही नाही. २०२५ मध्ये कोरियाने मंदिर-पाककलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

रोजचे जेवण बहुतेक मंदिरांत आपण वाढून घेण्याच्या पद्धतीचे असते, पण औपचारिक पद्धत वेगळी आहे. तिला बारू गोंगयांग म्हणतात. एकात एक बसणारी चार भांडी: भाताचे, सूपचे, तोंडीलावण्याचे आणि पाण्याचे. हवे तेवढेच घ्यायचे, घेतलेले संपवायचे, तेही न बोलता. शेवटी मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने भांडे पुसून ती फोड खायची, धुतलेले पाणी प्यायचे. अखेरचे स्वच्छ पाणी मोठ्या भांड्यात गोळा होते. ते सुईच्या नेढ्याएवढ्या घशाच्या, प्रेतयोनीतल्या भुकेल्या जीवांसाठी, म्हणून त्यात एक शीतही तरंगता कामा नये. अनेक परदेशी पाहुणे इथे अडखळतात.

प्रत्येक मंदिराची तऱ्हा निराळी. हेइन्सा येथे तेराव्या शतकात कोरलेले, ८० हजारांहून अधिक लाकडी ठशांचे त्रिपिटक आहे. ते ठेवलेल्या इमारती १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ग्योंगजूजवळच्या गोल्गुल्सा येथे सोनमुदो ही युद्धकला शिकवतात. तिथली कातळात कोरलेली लेणी भारतातून आलेल्या भिक्षूंनी घडवली, अशी परंपरा सांगते. नाकसान्सा समुद्रकाठी आहे, वॉल्जोंग्सा फर वृक्षांच्या रानात. बोंगुन्सा तर थेट सेऊलच्या गांगनाम भागात, उंच काचेच्या इमारतींसमोर. तिथे शांतता शोधावी लागते, पण मेट्रोने जाता येते.

सरकारी पैसा आणि धर्म यांचा संबंध ही या उपक्रमाची सर्वांत अवघड बाजू. कोरियाच्या राज्यघटनेच्या २० व्या कलमानुसार राज्याचा कोणताही धर्म नाही, आणि धर्म व राजकारण वेगळे आहेत. तरी टेम्पलस्टेला संस्कृती मंत्रालयाकडून अनुदान मिळते. समर्थन असे की हा धर्मप्रसार नसून पारंपरिक संस्कृतीचा अनुभव आहे. काही प्रोटेस्टंट संघटनांना हे मान्य नाही. ली म्योंग-बाक या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) राष्ट्राध्यक्षांच्या काळात हा वाद पेटला. सरकार ख्रिस्ती धर्माला झुकते माप देते म्हणून ऑगस्ट २००८ मध्ये बौद्धांनी सेऊलमध्ये प्रचंड मोर्चा काढला. डिसेंबर २०१० मध्ये सत्ताधारी पक्षाने टेम्पलस्टेच्या तरतुदीला कात्री लावणारा अर्थसंकल्प रेटून मंजूर केला, तेव्हा जोग्ये पंथाने सरकारच्या आणि त्या पक्षाच्या लोकांना मंदिरांत येण्यास मज्जाव केला. मठाची कमाई आणि मठाचा मान एकाच खात्यात आले की असे होणारच. पंथाला धर्म म्हणून स्वायत्तता हवी असते आणि संस्कृती म्हणून अनुदान. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्त असल्या, तरी एकत्र नांदवणे कठीण जाते.

परदेशी पर्यटकांसाठी निघालेल्या या उपक्रमाचे बहुतेक पाहुणे आज कोरियनच आहेत. कामाच्या ताणाने थकलेले नोकरदार, परीक्षा संपलेले विद्यार्थी, नोकरी सोडून पुढचा विचार करणारे तरुण. विश्रांती-मुक्काम वाढला तो त्यांच्यामुळे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत राबणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मंदिरांनी मोफत मुक्काम ठेवले. जन्मदर घसरत चालल्याने अविवाहित तरुण-तरुणींना भेटवणारे मुक्कामही जोग्ये पंथाची समाजकल्याण संस्था घेते. ब्रह्मचारी भिक्षूंनी लग्ने जुळवायला हातभार लावावा, यातली गंमत कोरियन वृत्तपत्रांनाही सुटलेली नाही.

इंग्रजी बोलणारे मार्गदर्शक सगळीकडे नसतात. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळी निवडलेली मंदिरे आहेत, ती आधी पाहून घेणे बरे. सेऊलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर माहिती केंद्र आहे आणि नोंदणी संकेतस्थळावरून होते. एका रात्रीचे शुल्क मंदिर व कार्यक्रमानुसार साधारण ५० हजार ते १ लाख वॉन (कोरियन चलन) पडते. मे २०२३ पासून जोग्ये पंथाच्या बहुतेक मंदिरांत वारसास्थळ म्हणून घेतले जाणारे प्रवेशशुल्क बंद झाले आहे, त्यामुळे मुक्काम न करता नुसते फिरून यायलाही हरकत नाही. वैशाखात, बुद्धजयंतीच्या सुमारास गेल्यास कंदिलांचा योन्दुंगह्वे उत्सव पाहायला मिळतो. युनेस्कोने त्याची २०२० मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. मात्र त्या दिवसांत मंदिरांत मोठी गर्दी असते आणि मुक्कामाची जागा मिळणे कठीण जाते.