पालीच्या रंगावर जाऊ नका

‘घरात दुधासारखी पांढरी पाल दिसली, ही कुठली जात?’ असा फोटो व्हॉट्सअॅपच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतच असतो. उत्तरंही ठरलेली. कुणी अल्बिनो, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य नसलेली म्हणतं, कुणी परदेशी, आणि एखादा सांगतो की असली पाल लाखोंना विकली जाते. लाखोंची ही आवई ईशान्य भारतात आढळणाऱ्या टोके पालीची. तिच्यापासून एड्सवर औषध होतं ही शुद्ध थाप, पण तिच्यामुळे तस्करीला जोर चढला. २०१९ मध्ये या पालीचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला.

फोटोतली पाल बहुधा रोजचीच असते. पालीच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात. वर पिवळसर रंगद्रव्याच्या पेशी, त्याखाली प्रकाश परतवणाऱ्या ग्वानिनच्या स्फटिकांच्या आणि तळाशी मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या, फांद्या फुटलेल्या पेशी. खरी गंमत या तळाच्या पेशींत आहे. मेलॅनिनचे कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले की पाल फिकी पडते, फांद्यांत पसरले की गडद होते. छत्री मिटावी-उघडावी तसं. पियुषिका ग्रंथीचं एक संप्रेरक हे कण पसरवतं.

पांढऱ्या भिंतीवर पाल अशीच फिकी पडते. पण भिंत पांढरी आहे हे कळतं कुणाला? भूमध्य समुद्राकाठच्या मूरिश पालीवर इटलीतल्या संशोधकांनी प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळे बांधले तरी पाल पार्श्वभूमीनुसार रंग बदलत राहिली. धड झाकलं तेव्हा मात्र तिला ते जमेना. डोळ्याच्या पडद्यात असतात तसली प्रकाश टिपणारी ऑप्सिन प्रथिनं तिच्या कातडीतही सापडली, विशेषतः कुशीला. म्हणजे कातडीलाच उजेड कळतो!

त्यात कात टाकायच्या आधीचा पांढुरका रंग आणि तुटून पुन्हा आलेल्या शेपटीची वेगळी छटा. रंगावर भरवसा ठेवायचा तरी किती?

म्हणून अभ्यासक बोटांखालच्या पट्ट्या मोजतात, पाठीवरच्या खवल्यांत मोठे उंचवटे आहेत का बघतात आणि नराच्या मांड्यांखालची रंध्रं तपासतात. पिवळ्या पोटाच्या घरपालीची पाठ गुळगुळीत असते आणि दोन्ही मांड्यांवर मोजकीच रंध्रं, मध्ये मोठी फट. शेपटीवर काटेरी खवल्यांच्या रांगा असलेल्या दुसऱ्या घरपालीत, हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटसमध्ये, रंध्रांची ओळ एका मांडीपासून दुसरीपर्यंत अखंड जाते. मादीला अशी रंध्रंच नसतात, तिथे निम्मी खूण गेली.

खवले मोजूनही भागत नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रे यांनी १८४५ मध्ये हेमिडॅक्टिलस ब्रूकी ही जात वर्णिली, त्यातला एक नमुना बोर्निओचा. पुढे भारतभरच्या ठिपकेदार, जमिनीलगत राहणाऱ्या पालींवर तेच नाव सर्रास चिकटवलं गेलं. २०१६ च्या डीएनए अभ्यासात या एका नावाखाली अनेक वेगळ्या शाखा निघाल्या. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरची हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस तर २००८ पर्यंत विज्ञानाला ठाऊकच नव्हती.

डीएनएत किती फरक पडला की जात वेगळी मानायची, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. शिवाय जुन्या संग्रहातल्या नमुन्यांतून डीएनए बहुधा धड निघत नाही. मग ज्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं तो मूळ नमुना जिथून आला त्याच ठिकाणी जाऊन नवी पाल धरावी लागते, आणि जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘भारत’ एवढंच असेल तर तेही जमत नाही.