टेमरच्या दोन काठांची रग्बी : कॉर्नवॉल-डेव्हन लीगची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आणि डेव्हन या दोन शेजारी काउंटी आहेत आणि त्यांच्या सीमेवरून टेमर नदी वाहते. नदीच्या दोन्ही बाजूंच्या गावोगावच्या रग्बी क्लबांना एका गुणतक्त्यात आणणारी कॉर्नवॉल-डेव्हन लीग १९८७ मध्ये सुरू झाली आणि २०२१-२२ चा हंगाम संपल्यावर कायमची बंद झाली. रग्बी युनियन या खेळाच्या देशव्यापी उतरंडीत ती मुळात आठव्या पायरीवर होती. या पायरीवर खेळणारे गवंडी, शेतकरी, शिक्षक, मासेमार असे आठवडाभर आपापले काम करून शनिवारी मैदानात उतरणारे लोक असतात. अशी स्पर्धा इतक्या उशिरा का जन्माला आली आणि पस्तीस वर्षांत का संपली, हे समजून घ्यायचे तर थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते.

इंग्लंडमधील या खेळाचा कारभार पाहणाऱ्या रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना १८७१ मध्ये झाली, पण पुढची शंभराहून अधिक वर्षे या संस्थेने लीग पद्धतीला दारात उभे केले नाही. त्याचे कारण उत्तर इंग्लंडमधील अनुभवात होते. यॉर्कशायरमधील मोठ्या क्लबांनी १८९२ मध्ये आपली साखळी स्पर्धा सुरू केली, चुरशीच्या सामन्यांना गर्दी लोटू लागली आणि तिकिटांचा पैसा आला. तेव्हा गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारची बुडालेली मजुरी भरून द्यावी, ही मागणी जोर धरू लागली. हौशी खेळाच्या तत्त्वावर अडून बसलेल्या युनियनने ती फेटाळली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. लीग आली की पैसा येतो आणि पैसा आला की फूट पडते, असा धडा युनियनच्या धुरिणांनी या घटनेतून घेतला. माझ्या मते तो धडा अर्धवट होता, कारण फूट पडली ती गुणतक्त्यामुळे नव्हे, तर मजुरी नाकारल्यामुळे.

कॉर्नवॉलची गोष्ट इथे विशेष आहे. तिथली रग्बीही कष्टकऱ्यांचीच होती, कथिल आणि तांब्याच्या खाणींतले मजूर तिचे आधार होते, तरीही ही काउंटी युनियनसोबतच राहिली. रेडरुथचा क्लब १८७५ चा, तर शेजारच्या कॅम्बोर्नचा १८७८ चा. मात्र दोघांपैकी वरचढ कोण, हे सांगणारा अधिकृत तक्ता कितीतरी दशके नव्हता. प्रत्येक क्लबाचा सचिव दुसऱ्या क्लबांच्या सचिवांना पत्रे लिहून सामने ठरवत असे. वर्षानुवर्षे त्याच क्लबांशी त्याच सुमारास खेळायचे, असा तो शिरस्ता होता. मोठ्या क्लबाने ओळख दाखवली नाही, तर लहान गावाचा संघ कितीही चांगला खेळला तरी त्याला वर चढायला वाट नव्हती.

ही कोंडी हळूहळू फुटली. १९७१-७२ मध्ये क्लबांसाठी राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली, त्याच दशकात विभागवार गुणवत्ता तक्ते आले, आणि अखेर १९८७ मध्ये करेज या मद्यनिर्मिती कंपनीच्या पुरस्काराने संपूर्ण देशाची एकच उतरंड आखली गेली. हजाराहून अधिक क्लब एका रात्रीत एकमेकांच्या वर-खाली बसवले गेले. नैऋत्येत साउथ वेस्ट गट, त्यांच्याखाली वेस्टर्न काउंटीज, त्याखाली कॉर्नवॉल-डेव्हन आणि त्याच्याही खाली प्रत्येक काउंटीच्या स्वतंत्र लीग अशी शिडी तयार झाली. कॉर्नवॉल-डेव्हन ही या शिडीतील बिजागरी होती. तिच्याखाली प्रत्येक क्लब आपापल्या काउंटीत खेळत असे, आणि इथे पोहोचल्यावर पहिल्यांदा त्याला नदी ओलांडावी लागे.

नदी ओलांडणे ही इथे केवळ बोलण्याची रीत नाही. कॉर्नवॉल हे तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले द्वीपकल्प आहे आणि चौथ्या बाजूला जवळजवळ संपूर्ण सीमा टेमरची आहे. कॉर्नवॉलमधील सॉल्टॅश आणि डेव्हनमधील प्लिमथ यांना जोडणारा मोटारींचा पूल १९६१ मध्ये खुला झाला आणि त्याच्या शेजारीच ब्रुनेलने बांधलेला १८५९ चा रेल्वेपूल आहे. मोटारपुलावरचा टोल कॉर्नवॉलमधून बाहेर पडतानाच घेतला जातो, आत येताना नाही. पश्चिम टोकाच्या पेन्झान्सपासून प्लिमथच सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि उत्तर डेव्हनमधील गावे त्याहूनही दूर. दुपारचा सामना असेल तर पाहुण्या संघाची बस सकाळीच निघते, हिवाळ्यात शिटी वाजेपर्यंत उजेड कलंडलेला असतो आणि घरी पोहोचायला रात्र होते. पगार न घेणाऱ्या माणसाचा अख्खा शनिवार असा जातो.

लीगच्या अडचणींचे मूळ इथेच आहे. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक संघ दुसऱ्याशी हंगामात एकदाच खेळे, तेव्हा हे प्रवास झेपत होते. पुढे स्वतःच्या आणि परक्या मैदानावर असे दोन सामने आले आणि चौदा संघांच्या गटात हंगाम सव्वीस शनिवारांचा होऊ लागला. त्यात रग्बीचा एक नियम लहान क्लबांना फार जड जातो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून खांद्यांनी रेटारेटी करतात तेव्हा, पुढच्या फळीत उभे राहणाऱ्या तीन खेळाडूंच्या मानेवर आणि पाठीवर दोन्ही संघांचा भार येतो, म्हणून त्या जागी तयारीचेच खेळाडू लागतात. ऐनवेळी कोणी शुक्रवारी संध्याकाळी फोन करून उद्या कामावर जायचे आहे असे कळवले, तर धावणाऱ्या बारा-तेरा तरुणांची जमवाजमव होऊ शकते, पण तिथे उभा करायला माणूस मिळत नाही. मग स्क्रम जोर न लावता नुसता नावापुरता करावा लागतो, नाहीतर सामनाच सोडून द्यावा लागतो. दूरच्या प्रवासाच्या शनिवारीच माणसे कमी पडतात, हे खालच्या पायरीवरचे जुने दुखणे आहे.

या लीगच्या रचनेत आणखी एक गुंता होता. हंगामाअखेरीस किती संघ खाली जाणार, हे फक्त तिच्यातील निकालांवर ठरत नसे. वरच्या गटातून घसरणारे संघ कॉर्नवॉल-डेव्हनमधले आहेत की दुसऱ्या भागातले, यावरही ते अवलंबून असे, कारण घसरलेला क्लब आपल्या भूगोलाप्रमाणे खालच्या लीगमध्ये येतो. त्यामुळे आपला शेवटचा सामना जिंकूनही क्लबाला दूरच्या एखाद्या निकालाकडे डोळे लावून बसावे लागे.

आणि तरीही या लीगमध्ये काहीतरी मोलाचे होते, असे मला मनापासून वाटते. या दोन काउंटींमधली ईर्ष्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली आहे. स्कोन नावाच्या छोट्या केकवर आधी जॅम आणि मग साय हा कॉर्नवॉलचा रिवाज, तर आधी साय आणि मग जॅम हा डेव्हनचा. मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा कंद भरलेली, मोठ्या करंजीच्या आकाराची पेस्टी नक्की कोणाची, यावरही दोघांचा वाद आहे. सामना संपल्यावर यजमान क्लब दोन्ही संघांना जेवू घालतो, हा या खेळाचा जुना पायंडा असल्याने ही ईर्ष्या ऐंशी मिनिटांनंतर एकाच टेबलावर बसत असे. एरवी काउंटीचा अभिमान प्रामुख्याने काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत दिसतो. १९९१ मध्ये ट्विकनहॅमवर कॉर्नवॉलने यॉर्कशायरला जादा वेळेत २९-२० असे हरवले, तेव्हा काळ्या-सोनेरी रंगांत हजारोंचा लोंढा लंडनला गेला होता.

१९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ व्यावसायिक झाला. पैसा वरच्या पायऱ्यांवर आला, पण त्याची ओढ खालपर्यंत जाणवली. १९९९ मध्ये पेन्झान्समध्ये स्थापन झालेला माउंट्स बे क्लब तळापासून चढत देशाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेला आणि २००९ मध्ये आर्थिक ओझ्याखाली बंद पडला. एका दशकात उभा राहून मोडलेला हा क्लब पाहिला, की आपल्या आठव्या पायरीवर टिकून राहणाऱ्या गावाच्या क्लबांचे मोल कळते.

शेवटचा टप्पा वेगाने आला. करोनामुळे मार्च २०२० मध्ये हंगाम अर्धवट थांबवला गेला आणि झालेल्या सामन्यांच्या हिशोबावर अंतिम क्रम लावण्यात आले. २०२०-२१ मध्ये या पातळीवर लीग झालीच नाही. मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूंपैकी सगळेच परततील याची खात्री नव्हती, आणि प्रवास व सामने कमी करण्याची चर्चा तर आधीपासूनच चालू होती. त्यानुसार २०२२ मध्ये युनियनने राष्ट्रीय गटांखालची सगळी रचना बदलली. पाचव्या पायरीवरचे गट चौदाऐवजी बारा संघांचे झाले, म्हणजे हंगाम सव्वीसवरून बावीस सामन्यांचा झाला, आणि सातव्या पायरीपासून खाली ‘काउंटीज’ हे नाव आले. आठव्या पायरीवर कॉर्नवॉल आणि डेव्हन यांची ताटातूट झाली.

या निर्णयाने प्रवास कमी झाला हे खरे, पण काउंटीची सीमा आणि अंतर या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत. सॉल्टॅशच्या माणसाला प्लिमथ पुलापलीकडे काही मिनिटांवर आहे, आणि स्वतःच्या काउंटीतले पेन्झान्स गाठायला मात्र अख्खे द्वीपकल्प पार करावे लागते. पश्चिमेकडच्या गावांना जो दिलासा मिळाला, तो सीमेवरच्या गावांना तितकासा मिळत नाही.

जुन्या लीगच्या नावातला ‘ट्रिब्यूट’ हा शब्द मात्र टिकला. सेंट ऑस्टेल ब्रुअरीने ११ ऑगस्ट १९९९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने एक बिअर काढली होती, तीच पुढे ट्रिब्यूट नावाने विकली जाऊ लागली आणि नैऋत्येच्या लीगना तिचे नाव मिळाले. शेवटच्या काळात कॉर्नवॉल-डेव्हनचे अधिकृत नाव ‘ट्रिब्यूट कॉर्नवॉल/डेव्हन’ असे होते. तिच्या जागी आलेल्या दोन लीगची नावे ‘काउंटीज २ ट्रिब्यूट कॉर्नवॉल’ आणि ‘काउंटीज २ ट्रिब्यूट डेव्हन’ अशी ठेवण्यात आली.